सायकलच्या दुकानातून नांगराच्या कारखान्याकडे

सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीचे नाव आज पंपांशी जोडले जाते. या उद्योगनगरीचे मूळ मात्र बेळगावच्या एका छोट्या सायकल दुकानात आहे.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंगांतील भेद नीट ओळखता येत नसल्याने ते स्वप्न सोडावे लागले. मग ते यंत्रांची चित्रे काढण्यास शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

साखळीवर चालणारी सायकल तेव्हा नवलाईची वस्तू होती. १८८८ मध्ये लक्ष्मणरावांनी थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामुअण्णा त्या विकत आणि चालवायलाही शिकवीत. सायकलीची किंमत ७०० ते १,००० रुपये, तर शिकवणीचे शुल्क १५ रुपये होते.

पण सायकल विकली म्हणजे काम संपत नाही. धूळ आणि वंगण यांचा लगदा साखळीच्या सांध्यांत शिरतो, खिळ्या झिजतात आणि साखळी लांबते. लांबलेली साखळी वेळीच बदलली नाही, तर ती चक्राचे दातेही खाऊन टाकते. थोडक्या खर्चाचे काम मग मोठ्या खर्चावर जाते. त्या काळी तर सुटे भाग विलायतेहून बोटीने येत. यंत्राची खरी कसोटी विक्रीनंतर, दुरुस्तीच्या वेळी लागते. या धंद्याचा हा धडा नांगरालाही तितकाच लागू होता.

बढतीत डावलले गेल्याने लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. कडबा कापण्याच्या यंत्रानंतर १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षे लागली. नांगराचा फाळही मातीत घासून झिजतोच. तो बदलून मिळण्याची सोय जवळपास नसेल, तर गरीब शेतकऱ्याने लाकडी नांगर का सोडावा? म्हणूनच देशी ओतशाळेचे मोल मोठे होते.

पुढे बेळगाव नगरपालिकेने जागा रिकामी करण्यास सांगितले आणि चालता कारखाना उघड्यावर आला. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी १०,००० रुपयांचे कर्ज आणि कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन दिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर ही जमीन सांगली जिल्ह्यात. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा प्रारंभ झाला.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. १९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही कंपनी नोंदली गेली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. विलायती सायकली विकण्यापासून सुरुवात करणाऱ्या या माणसाने शेतकऱ्याच्या हाती देशी बनावटीचा नांगर दिला आणि तो झिजला, तर जवळच नवा फाळ ओतता येईल, असा कारखानाही मागे ठेवला.