मनापेक्षा मोठा देव : जॉन बन्यन आणि नको असलेले विचार

आजचे वाचन : इब्री 12:14-17, योहान 6:35-40, 1 योहान 3:18-22



आजच्या पहिल्या उताऱ्यात एसाव भेटतो. एका जेवणासाठी त्याने ज्येष्ठपणाचा हक्क विकून टाकला आणि नंतर रडून मागितला तरी आशीर्वाद त्याला मिळाला नाही. आपण हा उतारा वाचतो, त्यातून इशारा घेतो आणि पुढे जातो. पण इंग्लंडमध्ये एक माणूस होऊन गेला, ज्याला दोन वर्षांहून जास्त काळ या दोन ओळींच्या पुढे जाताच आलं नाही. त्याचं नाव जॉन बन्यन. त्याचा 'यात्रिक' आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात आहे. हरि केशवजी यांनी 1841 साली तो 'यात्रिक क्रमण' या नावाने मराठीत आणला, म्हणजे या माणसाची आणि आपली ओळख जुनी आहे. पण हे पुस्तक लिहिण्याआधी त्याच्या मनात काय चाललं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आज तेच सांगतो.

बन्यनचा जन्म 1628 सालचा, बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावातला. वडील फुटकी भांडी सांधायचे, आपल्याकडच्या कल्हईवाल्यांसारखे. जॉनही तेच काम शिकला. 1644 च्या उन्हाळ्यात आई गेली, महिन्याभरात बहीण गेली, आणि थोड्याच दिवसांत वडिलांनी दुसरं लग्न केलं. जॉन तेव्हा पंधरा वर्षांचा. देशात राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध चालू होतं. सोळा पूर्ण होताच तो पार्लमेंटच्या सैन्यात गेला. एकदा त्याच्या जागी दुसरा शिपाई मोहिमेवर गेला आणि डोक्यात गोळी लागून मेला. ही गोष्ट त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवली.

सैन्यातून परतल्यावर लग्न झालं. घरात ताट-चमचासुद्धा नव्हता. बायकोने माहेराहून आणलेली दोन धार्मिक पुस्तकं तेवढी होती. ती वाचून जॉन देवळात जायला लागला, शिव्या सोडल्या, नाच सोडला, आणि इथूनच त्याची भीतीही वाढायला लागली. एका रविवारी विटीदांडू खेळताना, विटी मारण्यासाठी दांडू उचललेला असतानाच, त्याला वाटलं की स्वर्गातून कोणीतरी विचारतंय, पाप सोडतोस की नरकात जातोस?

मग घंटांचं प्रकरण. एल्स्टोच्या चर्चमधल्या घंटा वाजवायला त्याला फार आवडायचं. हा व्यर्थ नाद आहे असं वाटून त्याने ते सोडलं, पण बघायला मात्र जायचा. बघताना मनात आलं, घंटा अंगावर पडली तर? म्हणून तो तुळईखाली उभा राहिला. मग वाटलं, घंटा भिंतीवर आपटून उडाली आणि इकडे आली तर? म्हणून दारात उभा राहिला. मग वाटलं, सगळा मनोराच कोसळला तर? शेवटी तिथे उभं राहणंच अशक्य झालं आणि तो पळून गेला.

ही घंटांची गोष्ट मी जेव्हा पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं नाही. मला ओसीडी आहे. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात. लोकांना वाटतं, ओसीडी म्हणजे सारखे हात धुणे. काहींना तसा असतो, माझा तसा नाही. मला विचार येतात, आणि ते येतात ते नेमके प्रार्थनेत, प्रभुभोजनाच्या वेळी, भाकर हातात असताना. प्रभूबद्दल असे शब्द, जे मी इथे लिहिणार नाही. मग तो शब्द पुसायला मनातल्या मनात क्षमेची प्रार्थना, आणि ती नीट मनापासून झाली नाही असं वाटून पुन्हा तीच प्रार्थना, पुन्हा तीच. भक्ती कधी संपली ते कळायचंही नाही. तुळईवरून दारात, दारातून बाहेर, ही वाट माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

बन्यनचं पुढे असंच झालं. बेडफर्डच्या रस्त्यावर दारात उन्हाला बसलेल्या तीन-चार गरीब बाया नव्या जन्माबद्दल बोलत होत्या. ते ऐकून त्याला खऱ्या विश्वासाची ओढ लागली. त्यांच्याच मंडळीचे पाळक जॉन गिफर्ड यांच्याकडे तो जाऊ लागला. आणि ज्या काळात त्याला देव सर्वात जास्त हवा होता, त्याच काळात देवनिंदेचे विचार त्याच्यावर तुटून पडले. सुमारे वर्षभर हे चाललं. तोंडातून शब्द बाहेर पडेल या भीतीने तो हनुवटीखाली हात दाबून धरायचा. प्रार्थनेला बसला की मन म्हणायचं, देवाऐवजी या झुडपाची प्रार्थना कर, या बैलाची कर, या केरसुणीची कर. कुत्रा आणि बेडूक पाहून त्याला हेवा वाटायचा, कारण त्यांना आत्म्याचा नाश होण्याची भीती नाही.

मध्ये थोडा विसावा मिळाला. मार्टिन लूथरचं गलतीकरांस पत्रावरचं भाष्य त्याच्या हाती आलं. प्रत इतकी जुनी होती की पानं गळत होती. आपल्याच मनातलं कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय असं त्याला वाटलं. लूथरही तरुणपणी मठात तासन् तास पापकबुली देत बसायचा आणि तरी काहीतरी राहिलं म्हणून परत जायचा, हे आपल्याला माहीत आहे. बन्यनला वाटलं, आता आपली ख्रिस्तावर खरी प्रीती जडली.

आणि लगेचच सर्वात वाईट विचार आला. ख्रिस्ताला विकून टाक. जेवताना, काडी तोडताना, जमिनीवरची टाचणी उचलताना, प्रत्येक वेळी मन म्हणायचं, याच्यासाठी वीक, त्याच्यासाठी वीक. तो मनात ओरडून नाही म्हणायचा, हजारो जगं दिली तरी विकणार नाही म्हणायचा. विचाराला ढकलायला हात आणि कोपरसुद्धा हलायचे. जेवणावरून उठून प्रार्थनेला जायचा. एक वर्ष तो असा झुंजत राहिला. एके सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या, थकून गेलेल्या मनातून एक विचार निसटून गेला, की जायचं असेल तर जाऊ दे त्याला.

बस्स. एवढंच. कोणाला काही दिलं नाही, कोणाकडून काही घेतलं नाही. पण त्याच्या लेखी सौदा झाला होता. आता तो एसाव होता. इब्री 12 मधल्या त्या दोन ओळी त्याच्यावर बसल्या त्या उठेनात. दावीदाचं पाप, पेत्राचं पाप, यहूदाचं पाप त्याने आपल्या पापाशेजारी ठेवून मोजून पाहिलं, आणि आपलंच मोठं निघतंय असं त्याला वाटलं. शेवटी एका वृद्ध विश्वासणाऱ्याला विचारलं, माझ्याकडून क्षमा नसलेलं पाप घडलंय असं मला वाटतं. त्या म्हाताऱ्यानेही सांगितलं की मलाही तसंच वाटतं! पण त्याने उलट उत्तर दिलं असतं, तरी बन्यनचं मन दोन दिवसांत दुसरा प्रश्न घेऊन आलं असतं. ज्याला हा आजार आहे त्याला हे सांगावं लागत नाही. खात्री मागणारं मन खात्री मिळाली की अजून एक मागतं.

वचनांचंही तसंच झालं. माझी कृपा पुरे आहे या अर्थाचं पौलाला मिळालेलं वचन (2 करिंथ 12:9) त्याच्या मनात आलं, पण त्यातला "तुला" हा भाग आला नाही, म्हणून समाधान होईना. काही आठवड्यांनी एका सभेत तो भागही आला, तेव्हा कुठे धीर वाटला. तरी एसावाचं वचन परत यायचं. तराजूसारखं कधी हे पारडं खाली, कधी ते. मग त्याने ठरवलं, दोन्ही वचनं एकदमच समोर यावीत आणि काय व्हायचं ते होऊ दे. तसं झालं, आणि एसावाचं वचन फिकट होत मागे सरलं, कृपेचं राहिलं. योहान 6:37 हेही त्याला फार मोठा आधार झालं. येणाऱ्याला प्रभू घालवून देत नाही, आणि कसा माणूस आला तर, अशी अट तिथे लिहिलेली नाही.

नंतर एके दिवशी शेतातून जाताना, मनात थोडी रुखरुख असतानाच, त्याला कळलं की आपलं नीतिमत्त्व वर स्वर्गात, देवाच्या उजवीकडे आहे. आपलं मन आज प्रसन्न आहे म्हणून ते वाढत नाही आणि मन आज गढूळ आहे म्हणून ते कमी होत नाही. 1 योहान 3 मध्ये योहान हेच सांगतो. आपलं अंतःकरण दोष देत असलं तरी शेवटचा निवाडा त्याच्याकडे नाही. देव त्याहून मोठा आहे आणि तो सगळं जाणतो.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं, पण बन्यन खरं लिहितो. मंडळीत सामील झाल्यावर प्रभुभोजनाच्या वेळी पाऊण वर्ष देवनिंदेचे विचार येत राहिले. उपदेश करायला उभा राहिला की सर्वांसमोर तसले शब्द बोलून टाकावेत असं मनात यायचं. तरी तो प्रभुभोजनाला बसला आणि उपदेशही करत राहिला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला मोठा विजय हा आहे. विचार थांबायची वाट न पाहता तो कामाला लागला.

नोव्हेंबर 1660 मध्ये विनापरवाना उपदेश करतो म्हणून त्याला पकडलं. उपदेश बंद करतो एवढं कबूल केलं असतं तर सुटका होती. घरी दुसरी बायको एलिझाबेथ, पहिल्या बायकोची चार मुलं, त्यातली थोरली मेरी जन्मापासून आंधळी. तिच्या आठवणीने तो तुरुंगात तळमळायचा. एलिझाबेथने न्यायाधीशांपुढे जाऊन विनवण्या केल्या. आता मात्र सौदा खरा होता, आणि किंमत टाचणी किंवा काडीची नव्हती, पोटच्या लेकरांची होती. ज्याला वर्षानुवर्षं वाटत होतं की आपण ख्रिस्ताला विकू, विकलंच आहे, त्याने तेव्हा विकलं नाही. बारा वर्षं, 1672 पर्यंत, तो बेडफर्डच्या तुरुंगात राहिला. नाड्यांना धातूची टोकं बसवून घरच्यांसाठी चार पैसे मिळवत राहिला. तिथेच त्याने ही सगळी मनाची कहाणी लिहिली, ती 1666 मध्ये छापली गेली.

1678 मध्ये 'यात्रिक' आला. त्यात मृत्युछायेच्या दरीतला प्रसंग आठवा. ख्रिस्ती अंधारातून चालला आहे. एक दुष्ट आत्मा हळूच मागून येतो आणि त्याच्या कानात देवनिंदा कुजबुजतो. ख्रिस्तीला वाटतं, हे आपल्याच मनातून आलं. आतापर्यंतच्या कुठल्याच संकटापेक्षा त्याला याचं दुःख जास्त होतं. हे लिहिणाऱ्याने हनुवटीखाली हात दाबून धरलेला होता, हे आता आपल्याला माहीत आहे. आणि ख्रिस्ती त्या दरीत थांबून त्या आवाजाशी वाद घालत बसत नाही. पुढे चालत राहतो. पहाट होते.

बन्यनच्या काळी या त्रासाला आजचं नाव नव्हतं, आजचा उपचारही नव्हता. आज दोन्ही आहेत. मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात, आणि थेरपीत हळूहळू एक गोष्ट शिकवतात, ती म्हणजे विचार येऊ द्यायचा आणि त्याला उत्तर द्यायचं नाही. पुसायचं नाही, मोजायचं नाही, दहा जणांना विचारायचं नाही. मला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा देवाला सोडून देण्यासारखं वाटलं होतं. आता कळतं, यात देवावर टाकणंच जास्त आहे. क्षमेची प्रार्थना एकदा करून उठायचं आणि बाकीचं त्याच्यावर सोडायचं. गोळी घेणं हा विश्वास कमी असल्याचा पुरावा नाही. मधुमेहाची गोळी घेताना आपण असं म्हणत नाही.

तुमच्यापैकी कोणाचे दिवसाचे तास अशा विचारांत जात असतील, तर कृपा करून एकट्याने सोसू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या नंबरवर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि मंडळीत कोणी असा प्रश्न घेऊन तुमच्याकडे आला, तर त्याच्या पापाचं वजन करायला बसू नका. त्याच्याबरोबर थोडं चाला, दवाखान्यापर्यंतसुद्धा.

बन्यन 31 ऑगस्ट 1688 रोजी लंडनमध्ये वारला. एका बाप-लेकाचं भांडण मिटवायला तो गेला होता आणि परतताना पावसात भिजून आजारी पडला. बनहिल फील्ड्सच्या दफनभूमीत त्याला पुरलं आहे.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या मनात काय काय येतं ते आम्ही सांगण्याआधीच तुला ठाऊक आहे, आणि तरी तू आम्हाला तुझ्या मेजावर बोलावतोस. आज ज्यांचं मन त्यांनाच दोष देत आहे, त्यांना आमच्यासारखी माणसं, चांगले डॉक्टर आणि तुझी शांती मिळू दे. विचार गेले नाहीत तरी आम्हाला चालत राहायला बळ दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.