शुश्रूषेला मान मिळवून देणाऱ्या रमाबाई

रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे गावी झाला. अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आल्यावर घरातील बायकांचा रोष सोसून त्या शिकल्या. १९०१ साली वैधव्य आले. त्या दुःखातून उठून १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभारले.

परक्या रोग्याची सेवा त्या काळी हलकी मानीत. भल्या घरच्या विधवेने ती करावी, हे कोणास रुचेना. तरीही १९११ पासून सेवासदनाच्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. १९२४ साली रमाबाई निवर्तल्या.

आज राहनाळात एखाद्या घरी वृद्ध सासूबाई अंथरुणास खिळल्या, तर परिचारिकेला आपण आदराने घरात घेतो. त्या आदरामागे रमाबाईंचे कष्ट आहेत. भगिनींनो, शेजारच्या वृद्धांची रोज विचारपूस करणे, हेच त्यांचे खरे स्मरण!