ना वीज, ना पंप, ना प्रोटीन स्किमर: घरातल्या काचेत समुद्र जिवंत ठेवणाऱ्या गॉसची गोष्ट

घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची म्हटलं की दुकानदार सगळ्यात आधी प्रोटीन स्किमर दाखवतो. हे मशीन पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून पाण्यात विरघळलेली घाण त्या बुडबुड्यांना चिकटते आणि फेस बनून बाहेर पडते. स्किमर नसेल तर ही घाण पाण्यातच कुजते, असं गणित.

पण वीजच नव्हती तेव्हा लोक काय करायचे?

याचं उत्तर शोधताना एक नाव हमखास समोर येतं, ते म्हणजे फिलिप हेन्री गॉस.

गॉसचा जन्म १८१० सालचा, इंग्लंडमधल्या वुस्टरचा. बालपण गेलं पूल नावाच्या बंदरात. घरची परिस्थिती बेताची. १७ व्या वर्षी तो न्यूफाउंडलंडला कारकुनी करायला गेला. पुढे कॅनडात शेती करून पाहिली, ती जमली नाही. अमेरिकेतल्या अलाबामात शाळामास्तर झाला. या सगळ्यात एक नाद मात्र सुटला नाही, किडे आणि प्राणी बघत बसायचं आणि त्यांची चित्रं काढायची. इंग्लंडला परतल्यावर यावरच पुस्तकं लिहून तो पोट भरू लागला.

१८५२ मध्ये तब्येत बिघडली म्हणून गॉस बायको एमिली आणि लहानग्या एडमंडला घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेला. ओहोटी लागली की खडकांमधल्या डबक्यांत तासन् तास घालवायचा. तिथं सी अ‍ॅनिमोन होते, म्हणजे दिसायला फूल पण असतात प्राणी. खेकडे होते, छोटे कोरलही होते. हे सगळं घरी नेलं तर जगेल का, हा प्रश्न त्याला पडला.

प्रश्न पडणारा तो पहिला नव्हता. लंडनमध्ये अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी १८४० च्या दशकातच कोरल जगवले होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांच्या घरी पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसावं लागायचं. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं १८५० च्या सुमारास गोड्या पाण्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई यांचा मेळ बसवून दाखवला होता.

गॉसनं हाच हिशोब समुद्राच्या पाण्याला लावला. प्राणी श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि विष्ठेनं पाणी खराब करतात. समुद्री शेवाळ उजेडात तोच वायू वापरून ऑक्सिजन देतं आणि विष्ठेतली पोषकद्रव्यंही शोषतं. म्हणजे स्किमरच्या कामाचा बराचसा भार शेवाळ उचलतं. फक्त प्राणी मोजकेच हवेत, उजेड पुरेसा हवा आणि मेलेला जीव लगेच बाहेर काढायला हवा.

यात एक मेख होती. समुद्री शेवाळाला मुळं नसतात, ते खडकाला चिकटून वाढतं. ओरबाडून आणलं तर कुजतं आणि सगळं पाणी नासवतं. म्हणून गॉस हातोडी आणि छिन्नी घेऊन जायचा आणि खडकाच्या तुकड्यासकट शेवाळ आणायचा.

प्रयोग जमला. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, त्यासाठी गॉसनंही समुद्री जीव गोळा करून दिले. १८५४ मध्ये त्याचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं. आज आपण सर्रास वापरतो तो अ‍ॅक्वेरियम हा शब्द या अर्थानं रूढ केला तो गॉसनंच. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्यानं क्षार मिसळून खारं पाणी बनवायची कृतीही दिली.

आणि मग लाट आली. काचेवरचा कर १८४५ मध्येच रद्द झाला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. दिवाणखान्यात समुद्र ठेवायची फॅशन झाली. हातोड्या घेतलेले लोक झुंडीनं किनाऱ्यावर उतरले.

गॉसचे स्वतःचे दिवस मात्र फिरले. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली स्तनाच्या कर्करोगानं गेली. त्याच वर्षी त्यानं ‘ओम्फॅलोस’ लिहिलं. तो कट्टर धार्मिक होता. देवानं पृथ्वी घडवतानाच तिच्यात जीवाश्म ठेवले, असं त्याचं म्हणणं. ते ना शास्त्रज्ञांना पटलं, ना धर्म मानणाऱ्यांना. आठ वर्षांच्या एडमंडला घेऊन तो कायमचा डेव्हनला गेला आणि अ‍ॅनिमोनवर मोठा ग्रंथ लिहीत बसला.

१८८८ मध्ये गॉस वारला. १९०७ मध्ये एडमंडनं ‘फादर अँड सन’ हे आठवणींचं पुस्तक लिहिलं. लहानपणी बापासोबत पाहिलेली जिवंत डबकी गोळा करणाऱ्यांनी कशी ओरबाडून नेली, ते त्यात आहे. आपल्याच पुस्तकांमुळे हे घडलं, याचं बापाला फार वाईट वाटायचं, हेही त्यानं नोंदवलंय.

आज स्किमरशिवाय रीफ टाकी ठेवणारे लोक शेवाळ वाढवतात, प्राणी कमी ठेवतात, पाणी थोडं थोडं बदलतात. पाया गॉसच्याच हिशोबाचा. जेवढं शेवाळाला पेलवेल तेवढेच प्राणी ठेवायचे, हे त्यानं काचेच्या टाकीसाठी सांगितलं होतं. लोकांनी ते घरात पाळलं, किनाऱ्यावर मात्र कुणी पाळलं नाही.