लोणावळ्याचे पाणी आणि गिरणगावचा धूर

धडगाव, अक्कलकुव्याकडून खोकल्याने बेजार झालेल्या बायका आमच्या ओपीडीत येतात. त्यांतल्या कित्येकींनी आयुष्यात कधी विडी ओढलेली नसते. त्यांनी फक्त स्वयंपाक केलेला असतो. तीन दगडांच्या चुलीत लाकडातल्या ऊर्जेचा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा भांड्याला मिळतो. बाकीची हवेत जाते आणि नीट न जळलेले लाकूड धूर होऊन छातीत. अशा वेळी मला जमशेदजी टाटा आठवतात. त्यांची चूल फक्त फार मोठी होती.

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९चा, नवसारीचा. नंदुरबारहून सुरतेकडच्या गाडीने उधन्याला उतरले की नवसारी जवळच. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते वडिलांच्या व्यापारात शिरले. १८६९मध्ये चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेऊन त्यांनी तिथे सूत काढले. पुढची गिरणी मात्र मुंबईत न काढता नागपूरला काढली. कापूस तिथे पिकतो, मग तो मुंबईपर्यंत वाहून कशाला न्यायचा, हा हिशेब. १ जानेवारी १८७७ला एम्प्रेस मिल सुरू झाली.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा वाफेवर चालत आणि कोळसा लांबून येई. त्या काळच्या बॉयलर-इंजिनाची गत आपल्या चुलीसारखीच होती: कोळशातली बहुतेक उष्णता चिमणीतून आणि वाया गेलेल्या वाफेतून निघून जाई. धूर गिरणगावातल्या चाळींवर उतरे. पैसा मालकाचा जळे, फुप्फुसे कामगाराची.

जमशेदजींच्या मनात पाणी फार आधीपासून होते. जबलपूरजवळ नर्मदेच्या पाण्यावर गिरणी चालवण्याचा त्यांचा विचार जागेअभावी बारगळला होता. पुढे डेव्हिड गॉस्टलिंग या इंजिनिअरने सुचवलेली लोणावळ्याची कल्पना त्यांनी उचलून धरली. पावसाळ्यात घाटावरचे पाणी धो धो खाली कोसळते. लोणावळा ते खोपोली उतार सुमारे सव्वापाचशे मीटर. एक लिटर पाणी एवढे खाली पडले तर त्यातल्या ऊर्जेवर नऊ वॅटचा एलईडी दिवा आठ-नऊ मिनिटे जळेल. मोकळे पडू दिले तर तीच ऊर्जा ते पाणी फार तर सव्वा अंशाने कोमट करते आणि संपते. म्हणून पाणी वर अडवायचे आणि नळांतून टर्बाइनवर सोडायचे. टर्बाइन त्या ऊर्जेचा बहुतांश भाग कामाला लावते. वीज खूप उच्च दाबाने पाठवली की तारेतून प्रवाह कमी वाहतो, त्यामुळे तार कमी तापते आणि वाटेतली गळतीही कमी होते.

हे त्यांना पाहायला मिळाले नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइमला ते गेले. हृदयरोगाच्या उपचारांसाठी हे गाव तेव्हा नावाजलेले होते. थोरले चिरंजीव दोराबजी यांनी काम पुढे नेले. १९१०मध्ये कंपनी स्थापन झाली, लोणावळा, वळवण आणि शिरोता येथे तळी बांधली गेली, आणि १९१५मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली. गिरण्यांची इंजिने एकेक करून थांबू लागली. सुताला खळ लावायला, कापड रंगवायला वाफ लागतेच, त्यामुळे चिमण्या काही लगेच विझल्या नाहीत.

या हिशेबात एक रकाना जमशेदजींच्या पश्चात उघडला. टाटांच्या पुढच्या धरणासाठी मुळशीच्या मावळ्यांची भातशेती जाणार होती. १९२१मध्ये तिथे सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि धरण झालेच. आमच्या जिल्ह्याला हे समजावून सांगावे लागत नाही. सरदार सरोवरासाठी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली तेहतीस गावे बाधित झाली, तीही त्याच नर्मदेच्या काठची. माझ्या ओपीडीतल्या बायका याच तालुक्यांतून येतात, आणि त्यांच्या घरी अजून लाकडाचीच चूल पेटते.