नारायण मेघाजी लोखंडे आणि पाचवी मागणी

रविवारच्या सुट्टीचे जनक म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव घेतले जाते आणि बहुधा तेथेच थांबते. परंतु सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी गिरणी कामगारांच्या ज्या सभा भरविल्या, त्यांत मागण्या पाच होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच कामाची वेळ आणि पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, या पहिल्या चार. पाचवी मागणी अशी होती, की गिरणीत काम करताना जबर दुखापत झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अधू झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची तरतूद करावी. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी हे निवेदन मुंबई सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगापुढे गेले. पहिल्या मागणीला यश येण्यास सहा वर्षे लागली. पाचवीला कायद्यात जागा मिळण्यास जवळपास चाळीस वर्षे जावी लागली आणि तेव्हाही ती निम्मीच मिळाली.

हे कामगार प्रामुख्याने कोकणातून आणि घाटावरून आलेले होते. रत्नागिरीच्या बरोबरीने कुलाबा जिल्ह्याने, म्हणजे १९८१ पासून ज्यास रायगड म्हणतात त्या मुलखाने, गिरण्यांना माणसे पुरविली. धरमतर, रेवस, मोरा येथून खाडी ओलांडली की मुंबई. ज्या वाटेने धडधाकट माणूस जाई, त्याच वाटेने हात गमावलेला माणूस परत येई. गावची चार गुंठे भातजमीन आणि भाऊबंद हाच त्याचा विमा होता. गिरणीच्या हिशेबात अपघाताचा खर्च दिसत नसे, कारण तो खर्च गाव सोसत होते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाल्यावर त्यांनी रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मांडवीच्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. पुढाऱ्यांपैकी फार थोड्यांना गिरणी आतून ठाऊक होती. लोखंडे त्या थोड्यांपैकी होते. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध आला. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र आर्थिक ओढगस्तीमुळे बंद पडले होते. १८८० मध्ये नोकरी सोडून लोखंडे यांनी ते मुंबईतून पुन्हा चालू केले.

त्या काळची गिरणी एका बाष्पयंत्रावर चाले. त्याच्या जोरावर छताखालचे लांबच लांब दांडे फिरत आणि त्यांवरून उतरलेले चामड्याचे पट्टे एकेक यंत्र ओढत. धोतराचा सोगा किंवा बाही पट्ट्यात सापडली, तर ते एकच यंत्र थांबवावयाची सोय नेहमी हाताशी नसे. पिंजणीच्या खात्यात कापसाची धूळ इतकी, की वर्षानुवर्षे काम करणाऱ्यास दम्यासारखी व्याधी जडे. आज ती बिसिनोसिस म्हणून ओळखली जाते. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरण्या उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चालत, म्हणजे उन्हाळ्यात तेरा तासांहून अधिक. जेवणासाठी यंत्रे थांबत नसत; कामगार आळीपाळीने बाजूला होऊन भाकरी खात. हे ध्यानात घेतले म्हणजे अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी केवळ आरामाची नव्हती, हे कळते. थकलेल्या माणसाचा हातच यंत्रात जातो.

कायदा अगदीच नव्हता असे नाही. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्या खटपटीनंतर १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा झाला. यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालणे आणि अपघाताची खबर देणे त्याने बंधनकारक केले. मात्र तो शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यांनाच लागू होता. वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक न चालणारे कारखाने त्यातून सुटले आणि प्रौढ कामगारांच्या तासांना त्याने हातच लावला नाही. अपघाती मृत्यूबद्दल वारसांना दावा लावता येईल असा १८५५ चा कायदाही होता. पण मालकाची चूक शाबीत करण्यासाठी विधवेने वकील लावून कोर्टाची पायरी चढावी, ही अपेक्षा कागदावरच राहणारी होती.

लोखंडे यांची खरी अडचण निराळी होती. कारखाना कायदे कडक करा, हा आग्रह मँचेस्टरचे कापडवालेही धरीत होते. मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा त्यांना सलत होती. त्यामुळे बहुतेक देशी वृत्तपत्रांनी या कायद्यांना स्वदेशी उद्योगावरचा घाला मानले. कामगारांची बाजू घेणारा देशद्रोही ठरण्याचा तो काळ. मँचेस्टरचा हेतू शुद्ध नव्हता हे खरेच. पण म्हणून परळच्या कामगाराचे बोट तुटावयाचे राहत नव्हते. ‘दीनबंधु’ने हा भेद सोडला नाही, आणि लोखंडे यांच्या कार्यातील सर्वांत धैर्याचा भाग हाच म्हणावा लागेल.

त्यांच्या ‘मिलहँड्स असोसिएशन’ला आजच्या अर्थाने संघटना म्हणणे कठीण आहे. तिची वर्गणी नव्हती, सभासदांची नोंदवही नव्हती. होते ते अर्ज, सभा आणि एक पत्र. तरीही २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत भरलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन स्त्री कामगारांनी तेथे भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या कामगार आयोगावर मुंबईसाठी सहयोगी सदस्य म्हणून लोखंडे यांची नेमणूक झाली. १८९१ च्या दुरुस्त कायद्याने साप्ताहिक सुट्टी, मध्यान्हीची अर्ध्या तासाची विश्रांती आणि स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा घातली. जायबंदी कामगाराविषयी त्यात काही नव्हते.

विधवांच्या केशवपनास नकार देण्यासाठी मुंबईतील नाभिकांना त्यांनी एकत्र आणले. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंग्यानंतर सलोख्यासाठी ते झटले आणि पुढे त्यांना रावबहादूर किताब मिळाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा ज्यांना ऐपत होती ते शहर सोडून गेले. लोखंडे राहिले, रुग्णालय उभारून रोग्यांची सेवा करीत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा बळी घेतला. कामावर असताना आलेला हा मृत्यू होता.

पाचवी मागणी १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या रूपाने अवतरली आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आली. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज सर्वसाधारणपणे उरली नाही. तात्पुरत्या अपंगत्वात मात्र पूर्ण पगाराऐवजी साधारण निम्मा आणि तोही पहिले दहा दिवस वगळून. व्यवसायजन्य रोगांच्या यादीत तीनच नावे होती : अँथ्रॅक्स, शिशाची विषबाधा आणि फॉस्फरसची विषबाधा. तुटलेला हात सर्वांना दिसतो. श्वासावाटे वा कातडीवाटे शरीरात गेलेले विष दहा वर्षांनी दिसते. रसायनांच्या धोक्याला कायद्यात मिळालेली ती पहिली, चिंचोळी जागा.

दरम्यान गिरण्यांना माणसे पाठविणाऱ्या कुलाबा जिल्ह्यातच कारखाने आले. रसायनी, अलिबागजवळचे थळ, नागोठणे, रोहा-धाटाव, महाड. पट्ट्यांच्या जागी अमोनिया, क्लोरिन, बेन्झिन. येथे धोका यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसापुरता राहत नाही, वाऱ्याबरोबर वस्तीत जातो. १९८४ च्या भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात घातक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. हाताळावयाच्या रसायनांची माहिती कामगारांना देणे, नेमणुकीपूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने आरोग्यतपासणी करणे त्याने सक्तीचे केले. जिवाला तत्काळ धोका दिसल्यास तो वरिष्ठांच्या निदर्शनास आणण्याचा हक्क कामगाराला दिला. त्यानंतरही नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याच्या वायुसंकुलात स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे दगावली. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्याच्या आगीत ११ कामगारांचा अंत झाला.

कंत्राटदाराने लावलेल्या माणसाचीही भरपाई मूळ मालकाकडून मागता येईल, ही तरतूद १९२३ च्या कायद्यात पहिल्यापासून होती. दावा मात्र ज्याचा हात गेला त्याने, किंवा तो गेल्यावर त्याच्या घरच्यांनी, करावा लागतो. आणि त्यासाठी माणूस त्या दिवशी कारखान्यात कामावर होता, याचा पुरावा लागतो.