उतरणीची कसोटी

पर्वतारोहणाच्या इतिहासात चढाईची वर्णने विपुल आढळतात. उतरणीची फार थोडी. वस्तुतः शिखर हा प्रवासाचा शेवट नसून मध्य होय. एडवर्ड व्हिम्पर याला हे सत्य फार जबर किंमत देऊन शिकावे लागले.

व्हिम्परचा जन्म 1840 साली लंडनमध्ये झाला. लाकडावर चित्रे कोरणे हा त्याचा व्यवसाय. 1860 मध्ये एका प्रकाशकाने त्याला आल्प्सची रेखाटने करण्यासाठी धाडले आणि हा शहरी तरुण पहाडांच्या नादी लागला तो कायमचाच. स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवरील 4,478 मीटर उंचीचे मॅटरहॉर्न त्या काळी अजिंक्य मानले जाई. 1861 पासून त्याने इटलीच्या बाजूने वारंवार प्रयत्न केले. 1862 मध्ये एकटाच असताना तो सुमारे 60 मीटर कोसळला. तरीही त्याचा निर्धार ढळला नाही.

1865 च्या जुलैमध्ये झां-आंत्वान कारेल हा इटालियन वाटाड्या आपल्या देशबांधवांसाठी मोहिमेवर निघाल्याचे कळताच व्हिम्परने घाईने स्विस बाजूचे झेरमाट गाठले. त्याच शिखरासाठी तेथे आलेल्या धर्मोपदेशक हडसन यांच्याशी त्याने तत्काळ हातमिळवणी केली. अशा रीतीने जमलेल्या सात जणांत हॅडो हा 19 वर्षांचा, तुटपुंज्या अनुभवाचा युवकही होता. 14 जुलै रोजी सातहीजण शिखरावर पोहोचले. कारेल अद्याप बराच खाली होता. शर्यत जिंकली गेली होती.

उतरताना हॅडोचा पाय घसरला. त्याच्या धक्क्याने पुढचा वाटाड्या क्रो निसटला. मागचे हडसन व लॉर्ड फ्रान्सिस डग्लस ओढले गेले. डग्लस आणि थोरला टाउगवाल्डर यांच्यामधील दोर तुटला व चौघेही सुमारे 1,200 मीटर खाली हिमनदीवर आदळले. डग्लसचा मृतदेह कधीच सापडला नाही. मागे उरले व्हिम्पर आणि टाउगवाल्डर पितापुत्र. बळकट दोर जवळ असताना त्या ठिकाणी सर्वांत कमकुवत दोर बांधला गेला होता, हे नंतर उघड झाले. दोर कापल्याचा संशय थोरल्या टाउगवाल्डरवर घेतला गेला. चौकशीत तो निर्दोष ठरला, परंतु लोकापवादाने त्याचा पिच्छा सोडला नाही. अविचाराने जमविलेली तुकडी आणि न तपासलेला दोर यांचा दोष एका गरीब वाटाड्याच्या माथी मारणे समाजाला सोयीचे वाटले.

व्हिम्पर पुढे 46 वर्षे जगला. ज्याला त्याने हरविले त्याच कारेलला सोबत घेऊन 1880 मध्ये त्याने इक्वेडोरमधील चिंबोराझोचे शिखर गाठले. 1911 मध्ये शामोनी येथे त्याचे निधन झाले. कारेलला मात्र 1890 मध्ये मॅटरहॉर्नवरच मृत्यूने गाठले. वादळात सापडलेल्या सोबत्यांना सुखरूप खाली आणल्यानंतर त्या थकलेल्या वृद्धाने प्राण सोडला.

प्रथम पोहोचल्याचा मान इतिहासाने व्हिम्परला दिला आणि तो योग्यच आहे. परंतु सुट्टीच्या दिवशी कड्याकपारींकडे झुंडीने धावणाऱ्या आजच्या तरुणांनी कोणाचा आदर्श पुढे ठेवावा, हा प्रश्न निराळा आहे. सोबत कोण आहे, त्याची ताकद किती, दोर कसा, याचा विचार चढण्यापूर्वी करावयाचा असतो. किती उंच गेलो याहून किती जण परत आलो, हाच नेतृत्वाचा खरा हिशेब आहे.