तिच्या पीएचडीच्या प्रयोगावर सरांना नोबेल मिळालं, तेव्हा तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती

नोव्हेंबर २०२३ मध्ये चीनमधल्या एका माकडाच्या पिल्लाचे फोटो जगभर फिरले. त्याचे डोळे आणि बोटांची टोकं हिरवी चमकत होती. ते पिल्लू एका नाही, तर दोन भ्रूणांच्या पेशींपासून बनलं होतं. एका भ्रूणातल्या मूळपेशी, म्हणजे शरीरातला कुठलाही भाग बनवू शकणाऱ्या पेशी, त्याच जातीच्या दुसऱ्या भ्रूणात सोडल्या होत्या. कुठली पेशी कुणाची हे कळावं म्हणून त्यांना हिरवी चमक दिली होती.

अशा जिवाला ‘कायमेरा’ म्हणतात. ग्रीक पुराणातल्या सिंह, बकरी आणि साप यांचं मिश्रण असलेल्या प्राण्यावरून हे नाव आलं.

पण दोन जिवांच्या पेशी एकत्र करायच्या आणि रंगावरून त्या ओळखायच्या, ही युक्ती शंभर वर्षं जुनी आहे. ती ज्या हातांनी यशस्वी केली, त्या मुलीचं नाव हिल्डे मांगोल्ड.

हिल्डेचा जन्म २० ऑक्टोबर १८९८ चा, जर्मनीतल्या गोथा गावचा. माहेरचं आडनाव प्रोशोल्ट. वडिलांचा साबणाचा कारखाना होता. फ्रँकफर्टला शिकत असताना तिने हान्स श्पेमान या शास्त्रज्ञाचं व्याख्यान ऐकलं आणि ठरवलं, शिकायचं तर यांच्याकडेच. १९२० मध्ये ती फ्रायबुर्गला त्यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाली.

तिला मिळालेला पहिला विषय फसला. मग १९२१ मध्ये श्पेमान यांनी दुसरा विषय दिला.

त्या काळी एक मोठं कोडं होतं. भ्रूण म्हणजे सुरुवातीला सारख्याच दिसणाऱ्या पेशींचा गोळा. मग डोकं कुठे, पाठ कुठे, हे त्या पेशींना सांगतं कोण?

प्रयोगासाठी निवडला न्यूट. हा सरड्यासारखा दिसणारा, पण बेडकासारखा उभयचर. त्याच्या दोन जाती घेतल्या, एकीचं भ्रूण फिकट तर दुसरीचं गडद. हिल्डेने फिकट भ्रूणाचा एक ठरावीक तुकडा कापून गडद भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला. भ्रूण मोहरीच्या दाण्याएवढं आणि हत्यारं म्हणजे काचेच्या सुया नि तान्ह्या बाळाच्या केसांचे फास. न्यूटची अंडी फक्त विणीच्या हंगामात मिळायची. अँटिबायोटिक्स नव्हती, त्यामुळे बहुतेक भ्रूणं जंतुसंसर्गाने मरायची. तरी ती करत राहिली.

जी मोजकी भ्रूणं जगली, त्यांनी उत्तर दिलं. पोटाच्या बाजूला चक्क दुसरं भ्रूण तयार होत होतं, जुळ्यासारखं चिकटलेलं. आणि त्यातल्या बऱ्याच पेशी गडद होत्या, म्हणजे यजमानाच्याच! पाहुण्या तुकड्याने शेजारच्या पेशींना कामाला लावलं होतं. रंग वेगळे नसते तर हे कळलंच नसतं. या तुकड्याला नाव मिळालं ‘ऑर्गनायझर’.

दरम्यान, श्पेमान यांचेच सहकारी ओटो मांगोल्ड यांच्याशी तिचं लग्न झालं. १९२३ मध्ये तिला पीएचडी मिळाली. पण शोधनिबंध छापायची वेळ आली तेव्हा श्पेमान यांनी स्वतःचं नाव आधी घातलं. प्रयोगशाळेतल्या पुरुष विद्यार्थ्यांचे प्रबंध मात्र त्यांच्या एकट्याच्या नावावर छापले जात. हिल्डेला हे खटकलं होतं, असं तिचे सहाध्यायी व्हिक्टर हाम्बुर्गर यांनी पुढे नोंदवून ठेवलं आहे. कल्पना श्पेमान यांची होती हे खरं, पण प्रत्यक्ष प्रयोग तिचा होता.

१९२४ मध्ये हे कुटुंब बर्लिनला आलं. सोबत काही महिन्यांचा मुलगा होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वयंपाकघरातल्या हीटरचा भडका उडाला. हिल्डे गंभीर भाजली आणि त्यातच गेली. वय अवघं २५. तो निबंध प्रसिद्ध झाला १९२४ सालीच.

१९३५ मध्ये ऑर्गनायझरच्या शोधासाठी श्पेमान यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मरण पावलेल्या व्यक्तीच्या नावाचा नोबेलसाठी विचार होत नाही, त्यामुळे हिल्डेचा प्रश्नच आला नाही.

पण तिचा प्रयोग संपला नाही. १९९० च्या दशकात ऑर्गनायझर शेजाऱ्यांना नेमका कुठल्या प्रथिनांमधून निरोप देतो, हे उलगडलं. २०१८ मध्ये अमेरिकेत मानवी मूळपेशींपासून बनवलेला ऑर्गनायझर कोंबडीच्या भ्रूणावर बसवला गेला आणि तिथेही नवी रचना आकार घेऊ लागली. २०२१ मध्ये माणसाच्या मूळपेशी माकडाच्या १३२ भ्रूणांमध्ये सोडल्या गेल्या. ती भ्रूणं फक्त प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवली आणि १९ व्या दिवसापर्यंत त्यातली तीनच टिकली. उद्या माणसासाठी अवयव वाढवता येतील, ही त्यामागची आशा. मात्र अशा जिवाला माणूस म्हणायचं की प्राणी, हा वादही त्यासोबत आलाच.

आज जीवशास्त्राच्या पुस्तकांत या शोधाला ‘श्पेमान-मांगोल्ड ऑर्गनायझर’ म्हणतात. नोबेलच्या यादीत नसलेलं तिचं नाव तिथे मात्र कायमचं कोरलं गेलं आहे.